'कॅन', 'विल', 'शुड'च्या आगेमागे अडखळणारं क्रियाविशेषण : बिघाड कुठे शोधायचा

लक्षणं आधी सांगते. यातलं एखादं ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

– इंग्रजी मेल लिहिताना 'डेफिनेटली', 'ऑल्सो', 'ऑलवेज' हे शब्द 'कॅन'च्या आधी ठेवायचे की नंतर, इथे हात अडतो. एकदा पुढे, एकदा मागे, आणि शेवटी वैतागून तो शब्दच खोडला जातो.
– 'ही वोन्ट प्रॉबेबली कम' असं लिहून जाता. डोळ्यांना चूक दिसत नाही, पण मोठ्याने म्हटलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं.
– 'शी कॅन स्पीक फ्लुएंटली इंग्लिश.'
– 'विल यू कम?' असं कुणी विचारतं, तुम्ही 'येस, आय विल प्रॉबेबली' म्हणता, आणि समोरचा तुम्ही पुढे काहीतरी बोलाल म्हणून थांबून राहतो.
– तुम्ही स्वच्छ 'नाही' कळवलेलं असतं आणि समोरच्याने 'बघू, जमेलही' असं वाचलेलं असतं. सगळ्यात महाग पडणारं लक्षण हेच.

मी चाकणच्या एका कारखान्यात परदेशी ग्राहकांना जाणाऱ्या मेल आणि रिपोर्ट नजरेखालून घालते. अकरा वर्षं झाली. लिहिणारी मुलं हुशार आहेत, व्याकरणाचे नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तरी आठवड्यातून दोनतीनदा मी हाच एक बिघाड दुरुस्त करत असते. आता प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती मोठ्याने म्हणा, कारण या बिघाडाचं पहिलं निदान कानानेच होतं.

बिघाड मुळात येतो कुठून

इंग्रजी कच्चं आहे म्हणून नाही, मराठी पक्कं आहे म्हणून.

'मी उद्या नक्की येऊ शकेन.' यात 'येऊ शकेन' ही जोडी सुटत नाही. फार तर एखादा 'च' किंवा 'तर' मध्ये चिकटतो, 'येऊच शकणार नाही' म्हणतो तसा. पण 'येऊ नक्की शकेन' असं कुणी सरळ बोलताना म्हणत नाही. 'नक्की', 'नेहमी', 'बहुतेक', 'सहज' हे शब्द मराठीत या गाठोड्याच्या बाहेर, आधी उभे राहतात. इंग्रजीत मात्र गाठोडं सुटतं. 'विल' वेगळा, 'कम' वेगळा, आणि दोघांच्या मध्ये एक जागा. क्रियाविशेषणाची नेहमीची बसायची जागा तीच. आपल्या कानाला ती जागा दिसतच नाही, म्हणून आपण 'आय डेफिनेटली विल कम' लिहितो. शब्द बाहेरच उभा.

शाळेत ज्यांना हेल्पिंग व्हर्ब म्हणत, त्यांतले 'कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट' हे नऊ म्हणजे मोडल. यापुढे मी त्यांना मोडलच म्हणेन.

आधी बघा, बिघडलंय तरी का

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मी वाक्यं इथेच सुटतात.

'आय डेफिनेटली विल कम' चूक नाही. वाक्य मोठ्याने म्हणा आणि जोर कुठे पडतो ते ऐका. तो 'विल'वर पडतो. म्हणजे अर्थ झाला, 'येणार म्हणजे येणार'. 'तू येणार नाहीस, मला माहीत आहे' असं कुणी म्हटलं असेल तर हे उत्तर अगदी चोख बसतं. पण समोरच्याने काही शंकाच घेतली नसेल, साधी मीटिंग ठरत असेल, तर हेच वाक्य विनाकारण हुज्जत घातल्यासारखं वाटतं. तिथे 'आय विल डेफिनेटली कम' हवं.

म्हणून मी मुलांना पहिला प्रश्न विचारते, 'तुला कुणी खोटं पाडलंय का?' पाडलं असेल तर शब्द मोडलच्या आधी राहू दे. नसेल तर आत घे.

याची उलटी खोडही आहे. आमच्याकडचे एक ज्येष्ठ साहेब मोडल आणि क्रियापद यांच्या मध्ये काहीही आलेलं दिसलं की लाल पेनाने बाहेर काढत. 'क्रियापद फोडू नये' असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. या समजुतीचा समाचार हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने १९२६ सालीच घेतला होता. 'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द घालू नये या भीतीतून ही दुसरी भीती जन्मली, असं त्याचं निदान होतं. तेव्हा कुणी असं लाल पेन चालवलं तर घाबरू नका. मधली जागा हीच नेहमीची जागा आहे.

पहिला मदतनीस शोधा

वाक्यात मदतनीस क्रियापद एक असो की तीन, त्यातलं पहिलं शोधा आणि शब्द त्याच्या लगेच नंतर ठेवून बघा. 'वी कॅन ऑल्सो सेंड ड्रॉइंग्ज.' 'यू शुड ऑलवेज चेक द प्रेशर.' 'इट मे सडनली स्टॉप.' दहातली सात वाक्यं एवढ्यावर नीट होतात.

प्रश्नात कर्ता मोडलच्या पलीकडे जातो, तेव्हा शब्द कर्त्यानंतर येतो : 'कॅन यू ऑल्सो सेंड द ड्रॉइंग?' 'कुड यू प्लीज कन्फर्म?' तेही याच हिशेबात बसतं. 'यू प्लीज कॅन सेंड' मात्र 'तुम्ही कृपया पाठवू शकता' याचं शब्दशः रूप आहे, ते मोडून पुन्हा बांधा.

जाता जाता आणखी एक. 'इट मेबी लेट' लिहिलेलं दिसलं तर क्रियाविशेषण हलवायच्या भानगडीत पडू नका. तिथे फक्त एक स्पेस हवी आहे. 'मे बी' तोडून लिहिलं की ते क्रियापद, जोडून लिहिलं की 'कदाचित'. 'इट मे बी लेट' किंवा 'मेबी इट विल बी लेट'. दोन्ही एकदम नकोत. 'कदाचित येऊ शकेल' हे मराठीत छान खपतं, इंग्रजीत 'मेबी ही मे कम' म्हणजे एका पावसाला दोन छत्र्या.

क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये कुणी घुसलंय का

'शी कॅन स्पीक फ्लुएंटली इंग्लिश' यात मोडलचा काही दोष नाही. 'स्पीक' आणि 'इंग्लिश' यांच्या मध्ये शब्द शिरला आहे, आणि इंग्रजी क्रियापद आपलं कर्म सहसा हातातून सोडत नाही. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येतं. 'ती इंग्रजी अस्खलित बोलू शकते', 'ती अस्खलित इंग्रजी बोलू शकते', दोन्ही चालतं, म्हणून आपल्याला हा नियम जाणवत नाही. 'कसं' सांगणारा शब्द कर्माच्या पलीकडे न्या : 'शी कॅन स्पीक इंग्लिश फ्लुएंटली.' कर्म लांबलचक असेल तर तोच शब्द क्रियापदाच्या आधी आणा, नाहीतर वाचणारा तिथपर्यंत पोचेस्तोवर क्रियापद विसरलेला असतो.

उत्तर अर्धंच आहे का

'विल यू कम?' याला पूर्ण उत्तर 'आय विल प्रॉबेबली कम'. पण 'कम' गाळलं की 'प्रॉबेबली'ला मागे टेकायला काही उरत नाही. म्हणून तो शब्द उडी मारून पुढे येतो : 'आय प्रॉबेबली विल.' 'आय सर्टनली कॅन.' 'यू रिअली शुड.' वाक्य मोडलवरच संपत असेल तर शब्द त्याच्या आधी. इतकंच लक्षात ठेवा, इथे फार खणायची गरज नाही.

'नॉट' : इथे वेळ घालवा

आता मुख्य फ्यूज.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाला कळवायचं होतं की 'शुक्रवारपर्यंत माल नक्कीच देता येणार नाही'. मेल गेली ती अशी : 'वी कॅनॉट डेफिनेटली डिलिव्हर बाय फ्रायडे.' ग्राहकाने वाचलं, 'शुक्रवारी देऊच अशी खात्री देता येत नाही.' म्हणजे थोडी आशा आहे. त्याने शनिवारची शिफ्ट लावून ठेवली. सोमवारी सकाळी जो फोन आला तो मीच घेतला होता. मेलमध्ये स्पेलिंगची चूक नव्हती, काळाची चूक नव्हती. फक्त एक शब्द 'नॉट'च्या चुकीच्या बाजूला होता.

मराठीत 'नाही' शेवटी येतं. 'नक्की', 'खरंच', 'नेहमी' हे सगळे त्याच्या आधीच असतात, बाजू निवडायचा प्रश्नच येत नाही. काय नाकारायचं आणि काय नाही, ते आपण 'च' लावून आणि सुरावरून सांगतो. इंग्रजीत 'नॉट' मोडलला चिकटून वाक्याच्या ऐन मध्यात बसतो, आणि प्रत्येक क्रियाविशेषणाला विचारतो, 'माझ्या डावीकडे की उजवीकडे?' जे उजवीकडे गेलं ते नाकारलं जातं. जे डावीकडे राहिलं ते शाबूत राहतं.

'आय रिअली कान्ट से' : मला खरंच सांगता येत नाही.
'आय कान्ट रिअली से' : मला नीटसं सांगता येत नाही.

पहिल्यात हात टेकले आहेत. दुसऱ्यात थोडंफार माहीत आहे, पण ठामपणे सांगवत नाही.

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. आपल्या वाक्याच्या सुरुवातीला 'असं नाही, की' लावून बघा. 'मला शनिवारी नेहमी येता येणार नाही.' असं नाही, की नेहमी येईन. कधी येईन, कधी नाही. अर्थ जुळला, म्हणजे शब्द 'नॉट'च्या उजवीकडे : 'आय कान्ट ऑलवेज कम ऑन सॅटर्डेज.' आता मालाचं वाक्य घ्या. 'असं नाही, की नक्की देऊ'? छे, आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं. नकारच नक्की होता. मग शब्द डावीकडे : 'वी डेफिनेटली कॅनॉट डिलिव्हर बाय फ्रायडे.' खरं तर मी अशा ठिकाणी 'डेफिनेटली' काढूनच टाकते. 'वी विल नॉट बी एबल टू डिलिव्हर बाय फ्रायडे.' नकार नकारासारखा दिसला की त्याला टेकू लागत नाही.

'प्रॉबेबली', 'सर्टनली', 'ऑब्व्हियसली' हे बोलणाऱ्याचे अंदाज किंवा मतं असतात. नकाराबद्दलच ते बोलत असतात, म्हणून नकाराच्या आत त्यांना कोंडता येत नाही. 'ही प्रॉबेबली वोन्ट कम.' 'वोन्ट'ची गाठ सोडून 'विल प्रॉबेबली नॉट कम' लिहिलं तरी चालतं, 'प्रॉबेबली' तिथेही 'नॉट'च्या डावीकडेच आहे. याउलट 'नेसेसरिली' जवळजवळ नेहमी उजवीकडे जातो : 'इट मे नॉट नेसेसरिली फेल', निकामी होईलच असं नाही.

'हा नट सहजासहजी निघणार नाही' हे वाक्य आमच्याकडे हमखास 'धिस नट विल ईझिली नॉट कम ऑफ' होऊन येतं. त्याचा अर्थ, झालाच तर, 'न निघणं या नटला सोपं जातं' असा काहीतरी होतो. सहजपणाच नाकारायचा आहे ना? मग उजवीकडे : 'धिस नट वोन्ट कम ऑफ ईझिली.'

आणि 'कधीच'. मराठीत 'कधीच' आणि 'नाही' दोघं हातात हात घालून येतात. इंग्रजी 'नेव्हर'च्या पोटात 'नाही' आधीपासून आहे. 'आय कान्ट नेव्हर कम' यात दोन नकार झाले. 'आय कॅन नेव्हर कम' पुरे.

मोडल खरा आहे का

'हॅव टू'चा अर्थ 'मस्ट'सारखा असला तरी वागणूक साध्या क्रियापदाची. प्रश्न करून बघा. 'कॅन आय?' होतं, 'हॅव आय टू?' आज कुणी म्हणत नाही, 'डू आय हॅव टू?' म्हणतात. म्हणून शब्द त्याच्या आधी : 'वी ऑलवेज हॅव टू वेट.' 'हॅव टू'च्या आधी खरा मोडल आला की शब्द पुन्हा त्या मोडलच्या नंतर : 'वी विल प्रॉबेबली हॅव टू वेट.' 'यूज्ड टू'लाही हेच, 'ही ऑलवेज यूज्ड टू कम लेट.'

मदतनिसांची रांग

'शुड हॅव बीन चेक्ड' अशी तीन डब्यांची गाडी दिसली की मुलं शब्द कुठल्याही डब्यात चढवतात. इथे 'पहिल्या मदतनिसानंतर' एवढ्याने भागत नाही. शब्द कशाबद्दल बोलतो ते बघावं लागतं.

खात्री किंवा अंदाज सांगणारा शब्द डावीकडे. 'किती वेळा' सांगणारा मध्ये, म्हणजे मोडलला लागून. 'कसं' सांगणारा अगदी उजवीकडे, मुख्य क्रियापदाला बिलगून. 'द फिल्टर शुड ऑलवेज बी थरोली क्लीन्ड.' 'नेहमी' आणि 'नीट' एकाच वाक्यात, दोघं आपापल्या जागी. यांची अदलाबदल करून 'शुड थरोली बी ऑलवेज क्लीन्ड' म्हणून बघा, खडा लगेच लागेल. तसंच 'द बोल्ट शुड हॅव बीन प्रॉपर्ली टाइटन्ड'. 'प्रॉपर्ली' आवळण्याला लागू आहे, 'शुड'ला नाही.

गंमत म्हणजे हा क्रम आपल्याला ठाऊक आहे. 'तो बहुतेक नेहमी नीट तपासत असावा.' बहुतेक, नेहमी, नीट. हाच क्रम. मराठीची रांग इंग्रजीत जशीच्या तशी चालते, मोडल तेवढा शेवटून उठून पुढे येतो. हे सांगितल्यावर आमच्या क्वालिटी विभागातल्या एका मुलाने कपाळावर हात मारला होता.

'ऑलरेडी', 'ईझिली' यांना मात्र थोडी मोकळीक आहे. 'ही मस्ट ऑलरेडी हॅव लेफ्ट' आणि 'ही मस्ट हॅव ऑलरेडी लेफ्ट' दोन्ही बरोबर. व्याकरण तपासणारं ॲप यातलं एक बदलून दुसरं सुचवत असेल तर त्याला दुर्लक्षाने मारा.

जागा बदलली की अर्थ बदलणारे शब्द

ही सगळ्यात कठीण तपासणी, कारण वाक्य व्याकरणात पास होतं आणि अर्थात नापास.

'ही कॅन हार्डली वर्क' आणि 'ही कॅन वर्क हार्ड' यातला फरक शिफारसपत्रात चुकला तर माणसाची नोकरी जाईल. पहिल्याचा अर्थ 'त्याच्याने काम जेमतेम होतं'.

'ही कॅन क्लिअरली सी' म्हणजे त्याला स्पष्ट दिसतं, की त्याला दिसतं हे उघड आहे? दोन्ही निघतं. पहिलं हवं तर 'ही कॅन सी क्लिअरली', दुसरं हवं तर 'क्लिअरली, ही कॅन सी'. मधली जागा नेहमीची असली तरी दोन अर्थांची शंका आली की ती सोडायची.

'वेल' मोडलला चिकटला की 'चांगलं' राहत नाही. 'इट मे वेल फेल' म्हणजे निकामी होण्याची बरीच शक्यता आहे. 'वी माइट ॲज वेल हॅव लंच' म्हणजे 'एवढं आलोच आहोत तर जेवूनच जाऊ'. हे शब्द हलवायचे नसतात, आहेत तसे उचलायचे.

आणि 'ओन्ली'. मराठीचा 'च' ज्याला चिकटतो त्यालाच लागू होतो. 'ऑपरेटरनेच व्हॉल्व्ह उघडावा.' 'थंड झाल्यावरच व्हॉल्व्ह उघडावा.' शंकेला जागा नाही. बोलताना इंग्रज माणूस 'ओन्ली' मोडलच्या मागे टाकून देतो आणि आवाजाच्या जोरावर अर्थ सांगतो. मशीनवर चिकटवलेल्या सूचनेला आवाज नसतो. 'ऑपरेटर्स मे ओन्ली ओपन द व्हॉल्व्ह आफ्टर कूलिंग' यातून 'फक्त उघडावा, बंद करू नये' असाही अर्थ काढणारा निघतो. लेखी सूचनेत 'ओन्ली' मोडलपासून सोडवून 'च'सारखा वापरा : 'ओन्ली ऑपरेटर्स मे ओपन द व्हॉल्व्ह', किंवा 'ओन्ली आफ्टर कूलिंग'. 'आय विल कम टुमॉरो ओन्ली' हा आपला घरगुती 'उद्याच' आहे. भारतात कुणी अडखळत नाही, बाहेरचा माणूस 'फक्त उद्या, परवा नाही' असं समजू शकतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

करारनामा, प्रतिज्ञापत्र, वॉरंटीच्या अटी, औषधाच्या किंवा धोक्याच्या सूचना. यात 'शॅल', 'मे', 'मस्ट'च्या शेजारचा एकही शब्द स्वतः हलवू नका, वाक्य कितीही बेढब वाटो. 'शॅल ओन्ली बी लाएबल' यातला 'ओन्ली' कुठे बसतो यावर पैसे कुणी द्यायचे ते ठरू शकतं. ते काम वकिलाचं. मी अकरा वर्षांत एकदाही केलेलं नाही आणि करणारही नाही.

ठरलेला मजकूर असेल तर अर्थ बदलत नसला तरी हात लावू नये, याचं उदाहरण साऱ्या जगाने पाहिलं आहे. अमेरिकेच्या संविधानातल्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथेत 'विल फेथफुली एक्झिक्यूट' असे शब्द आहेत. क्रियाविशेषण मोडलच्या मागे, आपल्या जागी. २० जानेवारी २००९ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी शपथ सांगताना 'फेथफुली' वाक्याच्या शेवटी नेला. बराक ओबामा क्षणभर थबकले, दोघं अडखळले, आणि शेवटी तो शब्द शेवटीच म्हटला गेला. व्याकरण चुकलं नव्हतं, अर्थही तोच होता. तरी दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली गेली, पुढे कुणी शंका काढू नये म्हणून. आपल्या संविधानाच्या कलम ६० मध्ये राष्ट्रपतींच्या शपथेच्या इंग्रजी पाठातही 'विल फेथफुली एक्झिक्यूट' हेच शब्द याच क्रमाने आहेत.

तज्ज्ञाकडे जायची दुसरी खूण म्हणजे तुम्ही वाक्य दोनदा दुरुस्त केलंत आणि तरी दोन वाचणाऱ्यांनी त्याचे दोन अर्थ काढले. तिसऱ्यांदा शब्द हलवू नका. जाताना नुसतं इंग्रजी वाक्य घेऊन जाऊ नका, मराठीत काय म्हणायचं होतं तेही खाली लिहून न्या, 'च' जिथे असेल तिथे ठेवून. माझ्याकडे वाक्यं अशी आली की दुरुस्तीला मिनिटभरही लागत नाही. नुसतं इंग्रजी आलं की मला परत फोन करून विचारावं लागतं, 'नक्की देणार नाही, की देणार हे नक्की नाही?'